थंडी, वारा आणि हँडलवरचे हात

मराठवाडा म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला दोनच गोष्टी आठवतात: ऊन आणि दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, तेव्हा देशभरातल्या चॅनेलवाल्यांना लातूर कुठे आहे ते कळलं. तेव्हापासून तर ही ओळख पक्कीच झाली. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात मी डिसेंबरमध्ये गावाकडच्या थंडीचा विषय काढला की लोक हसतात. "तुमच्याकडे कसली आलीये थंडी?"

त्यांना दोष देता येत नाही. आमच्या थंडीबद्दल कुणी फारसं लिहिलेलंच नाही. कादंबऱ्यांत दुष्काळ असतो, बातम्यांत गारपीट असते. पण पहाटे पाच वाजता लोह्याहून नांदेडला दूध घेऊन निघालेल्या माणसाच्या बोटांचं काय होतं, ही कुठल्याच खात्यात न बसणारी गोष्ट आहे. या लेखात मला त्या बोटांचाच इतिहास सांगायचा आहे. गाडी चालवताना हात गरम राहावेत म्हणून जगानं काय काय केलं, आणि त्यातलं नांदेड-लातूरच्या रस्त्यावर किती पोहोचलं?

चार तासांचा हिवाळा

आधी थंडी आहे हे सिद्ध करू. हिवाळ्यात राज्यातल्या किमान तापमानाची यादी पेपरात येते, तेव्हा वरच्या ओळींत परभणीचं नाव हमखास असतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या नोंदी कडाक्याच्या दिवसांत एक आकडी असतात. परभणी ते नांदेड म्हणजे तासा-दीड तासाचा रस्ता. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. नांदेड गोदावरीच्या काठी, साधारण साडेतीनशे मीटरवर.

ही थंडी हिमालयातून येणाऱ्या वाऱ्यापुरती नसते, ती इथेच तयार होते. पावसाळा संपला की आमचं आभाळ निरभ्र होतं आणि हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता सरळ आकाशात सोडून देते. ढग नसल्यामुळे ती अडवायला वर काही नसतं. थंड झालेली हवा जड होते आणि खोलगट जागी जाऊन साचते. म्हणून विष्णुपुरीच्या जलाशयाजवळ किंवा एखाद्या ओढ्याच्या पुलावर गाडी उतारानं खाली गेली की एकदम गार पाण्यात उतरल्यासारखं वाटतं. वर चढलो की जरा बरं. गाडीवरून रोज जाणाऱ्याला रस्त्यातल्या अशा जागा पाठ असतात.

यातली मेख अशी की सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं. ते सूर्य उगवण्याच्या आसपास, सहा ते सातच्या दरम्यान असतं. आणि नऊ-दहा वाजले की ऊन चढतं, दुपारी पारा तीसच्या घरात जातो. म्हणजे आमचा हिवाळा दिवसातले चार-पाच तासच चालतो. दहा वाजता ज्याचं ओझं होणार, त्या जॅकेटवर आणि हातमोज्यांवर पैसे कोण घालणार? काश्मीर किंवा पंजाबसारखी दिवसभर थंडी असती तर तिच्यासाठी बाजार उभा राहिला असता. चार तासांच्या थंडीसाठी बाजार उभा राहत नाही. आणि ज्यांना नेमक्या त्याच चार तासांत घराबाहेर पडावं लागतं त्यांच्याकडे पैसा कमी असतो: दूधवाले, पेपरवाले, भाजी घेऊन मोंढ्यात जाणारे शेतकरी, पहाटेच्या बॅचला निघालेली ट्यूशनची पोरं.

घोंगडीतून बाहेर आलेले हात

मोटरसायकलच्या आधी या भागातल्या माणसाचे हात कसे गरम राहत? उत्तर सोपं आहे: घोंगडीच्या आत.

घोंगडी हे दख्खनचं स्वतःचं तंत्रज्ञान. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, बहुतेक काळी. धनगर मेंढरं कातरतात, लोकरीचं सूत निघतं आणि सणगर ते हातमागावर विणतात. विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात. त्या खळीनं घोंगडी ताठ होते, वाऱ्याला जरा अडवते. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. त्यामुळे पावसात आणि थंडीत एकच वस्तू चालायची. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की माणूस चालता-फिरता तंबू व्हायचा.

नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. मार्गशीर्षात अमावस्येच्या तोंडावर तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार आणि लावण्यांचे फड यांसाठी ती प्रसिद्ध आहे. ती नेमकी ऐन थंडीत येते, त्यामुळे घोंगड्यांची दुकानंही तिथे लागतात. लोक शतकानुशतकं या यात्रेला बैलगाड्यांनी येत. बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटरनं चालते. कासरा एका हातात, तोही घोंगडीच्या आतून धरला तरी भागतं. बैलांना रस्ता माहीत असतो. हात गारठले तर गाडीवान खाली उतरून बैलांच्या बरोबर चालतो, वाटेत कुणाची शेकोटी दिसली की थांबतो.

त्यानंतर सायकल आली. सायकलीनं हात हँडलला आणून बांधले, पण बदल्यात शरीराला काम दिलं. पायडल मारणारा माणूस दोन किलोमीटरमध्ये आतून गरम होतो आणि ते गरम रक्त बोटांपर्यंत जातं. वेगही पंधरा-वीसचा.

मोटरसायकलनं दोन्ही सवलती काढून घेतल्या. हात हँडलवर खिळलेले, कारण एका मुठीत अॅक्सिलरेटर आणि ब्रेक, दुसऱ्या मुठीत क्लच. शरीर मात्र निवांत बसलेलं, ऊब तयार करण्याचं काम शून्य. आणि समोरून साठच्या वेगानं वारा. माणसाचे हात आणि थंड वारा यांची अशी गाठ आमच्या भागात त्याआधी कुठल्याच वाहनानं घालून दिली नव्हती. हजार वर्षं चाललेली घोंगडी इथे एका झटक्यात निकामी ठरली. अंगावर ती घेता येते, हातांवर नाही.

साठचा वेग म्हणजे किती थंडी

वाऱ्यानं थंडी वाढते हे सगळ्यांना माहीत होतं. किती वाढते, हे मोजायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४०-४१ च्या सुमारास अंटार्क्टिकावर प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते बाहेर टांगलं आणि वेगवेगळ्या वाऱ्यांत ते गोठायला किती वेळ लागतो याच्या नोंदी ठेवल्या. १९४५ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. पुढची पन्नासेक वर्षं जगानं माणसाच्या चेहऱ्यासाठी त्या नळकांड्याचाच आधार घेतला. २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेनं सूत्र बदललं. त्यासाठी टोरांटोत बारा स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालायला लावून त्यांच्या चेहऱ्याचं तापमान मोजलं होतं.

हे सूत्र चार ओळींच्या पायथॉन प्रोग्रॅममध्ये बसतं. मी ते आमच्या रस्त्यासाठी चालवून पाहिलं. एक दुरुस्ती करावी लागते: सूत्रातला वारा दहा मीटर उंचीवरचा धरलेला असतो आणि चेहऱ्यापर्यंत त्याचा दोन तृतीयांश पोहोचतो असं गृहीत आहे. गाडीवर मात्र साठचा वारा पूर्ण साठनंच लागतो, म्हणून सूत्रात नव्वद घालायचे. उत्तर असं येतं की हवा १० अंश असताना साठच्या वेगानं गेलात तर उघड्या कातडीची ऊब ४ अंशांत उभं राहिल्यासारखी झपाट्यानं जाते. हवा ८ अंश असेल तर जवळपास १ अंशात उभं राहिल्यासारखी.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. वारा कितीही असला तरी बोट हवेपेक्षा थंड होत नाही. १० अंशांच्या हवेत कोरडं बोट १० च्या खाली जाणार नाही, गोठणं तर दूरच. आमच्याकडे कुणाची बोटं हिमदंशानं झडत नाहीत. म्हणूनच हा प्रश्न कुणाला प्रश्न वाटत नाही. बोट झडत नाही, फक्त काम करायचं थांबतं. तेही नेमकं ब्रेकवर असताना.

बोटं असं का वागतात

शरीराच्या दृष्टीनं बोटं ही खर्चिक मालमत्ता. आकार बारीक, पृष्ठभाग जास्त, म्हणजे ऊब गमावायला एकदम सोयीचा. थंडी वाढली की शरीर हृदय, मेंदू, पोट यांना वाचवण्यासाठी हातापायांच्या टोकांकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. लोड वाढला की सर्व्हर आधी बिनमहत्त्वाच्या सेवा बंद करतो, तसंच.

पण शरीर पूर्ण निर्दय नाही. १९३० मध्ये इंग्लंडमधल्या सर थॉमस लुईस यांनी लोकांची बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिली. आधी बोटं गार पडत गेली, मग काही मिनिटांनी अचानक रक्त आलं, बोटं थोडी गरम झाली, पुन्हा गार, पुन्हा गरम. गाडीवर असताना बोटांत मध्येच सुया टोचल्यासारखं होतं आणि पुन्हा बधिरपणा येतो, त्यामागे हीच भरती-ओहोटी असू शकते.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती सगळ्यात कामाची आहे. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात आणि लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात, कठपुतळीसारखे. म्हणजे बाहीतून वारा शिरून हात कोपरापर्यंत गारठला, तर मोजे कितीही चांगले असले तरी मूठ ढिलीच पडते.

कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बोटांचं कसब भराभर घसरतं. चेतातंतूंतून संदेश सावकाश जातात, सांधे जड होतात. आता हिशेब करा. साठच्या वेगानं गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर साडेआठ मीटर. म्हणजे एका उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या लांबीइतकं अंतर. हिवाळा हा उसाचा गाळप हंगाम असतो आणि मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या पहाटे रस्त्यावर असतात, हे लातूर-नांदेडच्या माणसाला सांगायला नको.

जगानं काय केलं

मोटरसायकल जन्मली थंड देशांत, त्यामुळे तिथे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. पहिल्या महायुद्धात सैन्याचे निरोप पोहोचवायला मोटरसायकलस्वार होते. ट्रायम्फ कंपनीनं 'मॉडेल एच' ही गाडी सुमारे तीस हजारांच्या संख्येनं बनवली ती या कामासाठी. फ्रान्सच्या चिखलात, थंडीत हे स्वार रात्री-अपरात्री फिरत. त्यांच्याकडे कोपराच्या दिशेनं वर चढणारे लांब चामडी हातमोजे असत. बाहीचं तोंड मोज्याच्या आत किंवा मोज्याचं तोंड बाहीवर, अशी ती रचना. वर सांगितलेली कठपुतळीची गोष्ट त्यांना शास्त्र म्हणून नाही तरी अनुभवानं कळलेली होती.

त्याच युद्धात विमानांना छत नव्हतं. वैमानिकांसाठी विजेच्या तारा शिवलेले गरम हातमोजे तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचीवरून जाणाऱ्या अमेरिकन बॉम्बर विमानांत हिमदंश ही मोठी दुखापत होती, म्हणून बंदूकवाल्यांना अख्खे विजेवर तापणारे सूट दिले गेले. आज महागड्या मोटरसायकलींना ज्या गरम होणाऱ्या मुठी येतात, त्यांच्यामागची कल्पना हीच.

तिसरी वाट जपानची. तिथे पूर्वी लोक तापवलेला दगड कापडात गुंडाळून कपड्यांत ठेवत. १९२३ मध्ये निइची माटोबा यांनी प्लॅटिनमच्या मदतीनं पेट्रोलसारखं इंधन ज्योतीशिवाय सावकाश जाळणारी खिशातली छोटी डबी बनवली. १९७८ मध्ये तिथेच लोखंडाची भुकटी भरलेल्या, एकदा वापरून फेकायच्या पुड्या बाजारात आल्या. पाकीट फोडलं की लोखंडाला हवा लागते, ते गंजायला लागतं आणि गंजताना उष्णता सोडतं. पावसाळ्यात आमच्या घराच्या गेटला वर्षभर जे होतं, ते त्या पुडीत आठ-दहा तासांत होतं.

चामडं, वीज आणि रसायन. तीनही वाटांच्या मागे कुणीतरी पैसे देणारं होतं: सैन्य, हवाई दल किंवा गिऱ्हाईक. आमच्या रस्त्यावर तिघांपैकी कुणीच नव्हतं.

या रस्त्यावर गाड्या कशा आल्या

नांदेड आणि लातूर नकाशावर शेजारी दिसतात, पण रेल्वेनं ती कधी नीट जोडली गेली नाहीत. दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नांदेडला हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटर गेज, तर लातूरला एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या बार्शी लाईट रेल्वेचा अडीच फुटी नॅरो गेज. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. गेज पुढे बदलले, पण आजही नांदेडहून लातूरला रेल्वेनं जायचं तर परभणी, परळी असा वळसा पडतो. सरळ जायचं तर लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ताच, जो आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे.

ज्या भागात रेल्वे वळसा घेते आणि एसटी तासानं येते, तिथे दुचाकी ही चैन राहत नाही. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकची लूना आली आणि त्याच वर्षी बजाजची चेतक. १९७२ हे मराठवाड्याच्या लेखी भयंकर दुष्काळाचं साल, त्यामुळे त्या वर्षी इथे त्या किती जणांनी पाहिल्या असतील कोण जाणे. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १९८६ मध्ये एम-८०. पुढे १९९४ मध्ये स्प्लेंडर.

यातली एम-८० ही खेड्यातल्या दूधवाल्याची गाडी. दोन्ही बाजूंना कॅन लटकवा, मागे गवताचा भारा टाका, ती कुरकुरत नाही. पण तिचा गिअर डाव्या मुठीत होता. क्लच दाबून अख्खी मूठ मनगटातून पिळायची. थंडीत हे काम पायानं गिअर टाकण्यापेक्षा कितीतरी अवघड. आणि विजेवर मुठी तापवायची गोष्टच नको. त्या काळच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा दिवा इंजिनाच्या आवाजाबरोबर कमी-जास्त व्हायचा. गरम मुठींना हेडलाईटएवढी वीज लागते. ती आणायची कुठून?

तात्यांचा डबा

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, नव्वदीच्या दशकात लोह्याजवळच्या आमच्या गावाहून नांदेडला दूध घालायचे. जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर, एम-८० वर, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. मी एकदा त्यांना विचारलं, "तात्या, हातमोजे का नाही घेतले?"

"घेतले की. पण दूध मापायला काढावे लागत्यात ना बाबा. दहा घरं, दहा बार काढायचे. हात ओले व्हायचे, ओले हात परत मोज्यात. मग मोजेबी ओले. त्यापरीस उघडे बरे."

यात जेवढं भौतिकशास्त्र आहे तेवढं मला कुठल्या दुकानाच्या जाहिरातीत सापडलं नाही. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं, आणि ती घेतं कातडीतून. ओल्या सुती मोज्यावर साठचा वारा म्हणजे हाताला माठच केला. वर मी म्हणालो की कोरडं बोट हवेपेक्षा थंड होत नाही. ओलं बोट होऊ शकतं. बाजारातला हातमोजा ज्यानं बनवला त्याच्या डोळ्यांसमोर एकदा घालून शेवटी काढणारा स्वार होता. दहा घरी दूध मापणारा माणूस त्यानं पाहिलेला नव्हता.

एका डिसेंबरात, माळेगावच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटेच्या अंधारात जनावरांचा एक तांडा रस्ता ओलांडत होता. तात्यांना तो दिसला, त्यांनी ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं त्यांना वाटलं. "हात हाय का न्हाई तेच कळंना. दाबतोय दाबतोय, गाडी थांबंना." एका घोड्याला चुकवताना ते पडले. उजवं मनगट मोडलं आणि चाळीस लिटर दूध डांबरावर सांडलं. त्या दिवसांत चाळीस लिटर म्हणजे घरातला महिन्याचा किराणा. दीड महिना माझ्या वडिलांनी शाळा सांभाळून दूध पोहोचवलं.

मनगट बरं झाल्यावर तात्यांनी गोडेतेलाचे पाच लिटरचे दोन प्लॅस्टिकचे डबे घेतले, त्यांची बुडं कापली, एक बाजू मोकळी केली आणि मुठींच्या पुढे तारेनं बांधले. हात उघडेच, पण वारा डब्यावर. दूध मापायचं तर हात सरळ मागे ओढायचा, काढायचं-घालायचं काहीच नाही. मनगटांवर जुने लोकरी पायमोजे, पंजा कापून टाकलेले, कोपरापर्यंत ओढलेले. छातीवर शर्टाच्या आत पेपर.

लोक हसले. पुढच्या हिवाळ्यात त्या रस्त्यावरच्या आणखी काही दूधवाल्यांच्या गाड्यांना डबे दिसू लागले. आता मागे वळून बघा. डबा म्हणजे आज लांब पल्ल्याच्या गाड्यांवर मिळणारा हँडगार्ड. कापलेला पायमोजा म्हणजे महायुद्धातल्या निरोप्यांचा लांब मोजा. पेपर म्हणजे वारा अडवून छाती गरम ठेवणं, म्हणजे शरीराला बोटांचं रक्त तोडायचं कारणच न देणं. तात्यांनी यातलं काही वाचलं नव्हतं. त्यांच्यापुढे साधन एवढंच होतं, आणि एका अपघाताची किंमत त्यांनी मोजलेली होती.

अजून बाकी असलेलं काम

नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरला जाते. मी एकदा जानेवारीत तिनं गेलो, तेव्हा तिथल्या साध्या मोटरसायकलींवर मुठींना घातलेली रेक्झिनची जाड आवरणं पाहिली. आतून अस्तर, हात सरळ पिशवीत घालायचा आणि आतच ब्रेक-क्लच. असली आवरणं आपल्याकडे कुठलाही सीट कव्हर शिवणारा कारागीर तासाभरात शिवेल. अट एकच, तोंड इतकं मोकळं हवं की पडताना हात अडकणार नाही आणि आतल्या अस्तरात ब्रेकचा दांडा गुंतणार नाही. दहा वाजता काढून डिकीत टाकता येतात. चार तासांच्या हिवाळ्याला हे बरोबर जुळतं.

आज दूध बरंचसं टेम्पोनं जातं. पण पहाटेचा रस्ता रिकामा झालेला नाही. लातूर आणि नांदेड दोन्ही शहरं आता ट्यूशनवर चालतात. 'लातूर पॅटर्न'साठी आजूबाजूच्या तालुक्यांतली पोरं येतात, आणि ज्यांना खोली परवडत नाही ती रोज गाडीवर ये-जा करतात. वडिलांची स्प्लेंडर, मागे मित्र, पाठीवर सॅक, हात उघडे. सतरा-अठरा वर्षांच्या या पोरांना थंडी वाजते हे सांगायचीही लाज वाटते. त्यांच्यातलं कुणी हे मोबाईलवर वाचत असेल तर थोडक्यात सांगतो.

आधी छाती आणि मान झाका, बोटं नंतर. वारा अडवणारं काहीही चालेल, पावसाळ्यातला रेनकोटसुद्धा. मोजे घट्ट नकोत. घट्ट मोज्यानं रक्त अडतं, आणि ऊब धरते ती मोज्याच्या आतली हवा. सुती मोज्यांवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवली तर वारा थांबतो, पण मूठ घसरत नाही ना हे घरासमोर तपासून घ्या. बाहीचं तोंड बंद ठेवा. बोटांना ब्रेकचा दांडा जाणवेनासा झाला तर तो थांबण्याचा इशारा समजा. काखेत हात धरून पाच मिनिटं उभे राहा, टपरीवर चहा घ्या, बॅच पाच मिनिटं उशिरा गेली तरी चालते. बधिर हात गरम इंजिनाला लावू नका. चटका बसतोय हे बधिर कातडीला कळत नाही.

आमच्याकडे मार्गशीर्ष अमावस्येला, येळवशीला, सगळं लातूर शेतात जातं. आंबील, भज्जी खाऊन झाल्यावर संध्याकाळी कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन पिकांभोवती फिरतात. आमच्या घरातली म्हातारी माणसं म्हणायची की आता थंडी हटायला लागेल. पंचांगाच्या हिशेबानं ते फार चुकीचं नाही, अयन त्याच सुमाराला बदलतं. पण येळवशीनंतरचा महिनाभर पहाटेचा रस्ता तेवढाच गार असतो.

तात्यांनी आता गाडी सोडली आहे. त्यांच्या नातवाची पहाटे साडेसहाची बॅच नांदेडला असते. मागच्या दिवाळीत मी त्याच्या गाडीला चांगल्या कंपनीचे हँडगार्ड बसवून दिले. तात्यांनी त्यावर नख वाजवून पाहिलं, जाडी बघितली, किंमत विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, "एवढ्यात तर गोडेतेलाचे पंधरा डबे आले असते, तेलासकट."